पॅकिंग लावलेली लेन्स

९ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर आणि दाजींची झोप, दोन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालतो. नसतील तर सावकाश कळव, पण आधी हे पत्र पुरतं वाच. इकडे सगळं ठीक. सूनबाईला बढती मिळाली, चिरंजिवांचं पोट सुटलं आणि मला छंद लागला. तिन्हींत मोठी बातमी शेवटची आहे.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशीलच. अगं, तुझा फोन कायम स्पीकरवर. मी इकडून 'हॅलो' म्हणतो, तिकडून चार आवाज 'हॅलो' म्हणतात. मागच्या वेळी मी पोटाची तक्रार तुला सांगितली आणि औषध सुचवलं तुझ्या शेजारणीने. काही गोष्टी फक्त तुझ्याशी बोलायच्या असतात. म्हणून हा कागद.

तर छंद. चिरंजिवांनी वाढदिवसाला मला कॅमेरा दिला. हेतू उघड आहे. पंपांचं वर्कशॉप आता त्याच्या हातात आहे आणि मी तिथे गेलो की कारागिरांना वाटतं, खरा मालक आला. मग तो म्हणाला, "बाबा, आता तुम्ही फिरा, फोटो काढा, मजा करा." म्हणजे माझ्या पायात येऊ नका. मी ओळखलं, पण कॅमेरा घेतला. मुलाने प्रेमाने हाकललं तर आपणही प्रेमाने निघावं.

कॅमेरा एवढासा आहे, तुझ्या चष्म्याच्या डबीपेक्षा थोडा मोठा. मिररलेस म्हणतात त्याला. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असायचा, बटण दाबलं की तो खाड्कन वर उडायचा. ह्यात आरसाच नाही, म्हणून पोट सपाट. बरोबर आलेली लेन्स हुशार आहे. सगळं तीच करते. समोर माणूस आला की त्याच्या डोळ्यावर आपणच जाऊन बसते. मी दोन दिवस फोटो काढले आणि कंटाळलो. आपल्या हाताला कामच नाही! पंप स्वतःच दुरुस्त व्हायला लागला तर पंपवाल्याने काय करायचं?

मग एक गंमत झाली. एका बंद पडलेल्या गिरणीचे पंप आम्ही भंगारात उचलले. पंपघराच्या फडताळात चिंध्यांत गुंडाळलेली एक जुनी लेन्स निघाली. गिरणीचा रखवालदार म्हणाला, "न्या, भंगारच आहे." हातात घेतली तर बेअरिंगसारखी जड. सगळी धातूची. आणि मागच्या बाजूला, अक्का, आटे! नळाला असतात तसे आटे! उभं आयुष्य मी आटे पाडले, आणि ही लेन्स मला आटे दाखवत होती. मला तर कुणी गावाकडचं भेटल्यासारखं झालं.

आता, जुन्या कॅमेऱ्यात त्या आरशाला जागा लागायची, म्हणून जुन्या लेन्सला फिल्मपासून बरंच लांब बसायची सवय. नव्या कॅमेऱ्याचं पोट सपाट, म्हणजे ते अंतर कमी पडतं. तेवढं भरून काढायला मध्ये एक नळकांडं लावायचं. त्याला अडॅप्टर म्हणतात. एका तोंडाला कॅमेऱ्याची खाच, दुसऱ्या तोंडाला लेन्सचे आटे. दोन इंची पाइपाला दीड इंची जोडायला आपण रिड्यूसर लावतो ना, त्याचाच हा चुलतभाऊ. मी मागवलं, बसवलं, डोळ्याला लावलं, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. पडद्यावर अक्षरं आली: लेन्स जोडलेली नाही.

अरे बाबा, तुझ्या तोंडावर पाव किलोची लेन्स बसवली आहे, आणि तू म्हणतोस नाही?

शिवाय लेन्सची फोकसची चकती जाम झाली होती. ग्रीस वाळून गोंद झालं होतं. म्हणून सगळं घेऊन एका कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गेलो. सायकलच्या दुकानावर पहिला मजला, लाकडी जिना, उभा चढ. तिथल्या बाईंनी कॅमेरा हातात घेतला, चार बटणं दाबली आणि परत दिला. म्हणाल्या, "ह्या लेन्सला तारा नाहीत, म्हणून कॅमेऱ्याला ती दिसत नाही. लेन्स नसली तरी फोटो काढ, असं त्याला सांगावं लागतं. आता सांगितलंय." मी म्हटलं, "एवढंच?" त्या म्हणाल्या, "एवढंच. चकतीचं मात्र एवढंच नाही. चार दिवसांनी या."

चार दिवसांनी गेलो तर चकती लोण्यासारखी फिरत होती. मी कानाशी धरून फिरवली. त्या म्हणाल्या, "कानाला काय लावताय? घड्याळ आहे का ते?" मी म्हटलं, "एका बाजूला ग्रीस कमी पोचलंय." हसल्या. मग स्वतः कानाशी धरली. मग हसणं थांबलं, लेन्स पुन्हा उघडली आणि म्हणाल्या, "बसा."

घरी आणल्यावर मी एकच सुधारणा केली. लेन्स आणि अडॅप्टरच्या मध्ये काळ्या रबराचं एक पातळ पॅकिंग कापून घातलं. दोन धातू भेटले की तिथून काहीतरी गळणारच. पंपातून पाणी गळतं, इथून उजेड गळेल. छान बसलं.

अक्का, मी आता फोटो काढतो म्हणजे काय करतो, सांगू? लेन्स हाताने फिरवतो. जिथे ती नेमकी बसते, तिथल्या कडा पडद्यावर लाल होतात. आधी कान लाल, मग नाक, मग चष्म्याची काडी, मग डोळा. तिथे थांबायचं! एक श्वास घ्यायचा आणि दाबायचं. इतकी वर्षं माणसांकडे मी इतकं सावकाश पाहिलंच नव्हतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमच्यासमोर बसायचं म्हणजे डेंटिस्टकडे बसल्यासारखं आहे." पण फोटो पाहिला आणि तोच आता तिने फोनवर लावलाय.

तुला एक विचारायचं होतं. राहू दे. फोटो कसा वाटतो ते कळव, सोबत जोडला आहे.

तुझा,
म्हातारपणी हाताला काम लागलेला भाऊ

&nbsp;

३० नोव्हेंबर

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. दोन पानं. दीड पान दाजींच्या झोपेवर, अर्धं शेजारणीच्या मुलीच्या लग्नावर आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: "कॅमेरा कळला. बाई कोण?"

सगळ्या पत्रात मी बाईंवर सात-आठ वाक्यं लिहिली असतील. तीही लेन्सच्या निमित्ताने. तुला बरी ती दिसली!

बाई म्हणजे दुरुस्तीवाल्या. माझ्याहून थोड्या लहान. नवरा लवकर गेला. दुकान नवऱ्याचंच होतं. त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि त्यांच्याहून बऱ्या निघाल्या, असं त्या स्वतःच सांगतात. मूलबाळ नाही. बोलणं एकदम कोरडं. मला 'पंपवाले' म्हणतात. एका डोळ्याला भिंग लावून काम करतात आणि दुसऱ्या डोळ्याने गिऱ्हाईक पाहतात. झालं समाधान? ज्या अर्थाने तू विचारलंस त्या अर्थाने काहीही नाही.

आता मुद्द्याचं. लेन्स बिघडली आहे.

म्हणजे अर्धी. खोलीत फोटो काढ, काय येतात म्हणून सांगू! मी तुला पाठवलेला सूनबाईचा फोटो खोलीतला होता. पण बाहेर गेलो की घात. रस्त्यापलीकडची इमारत, पाण्याची टाकी, पूल, सगळं पीठ. चकती शेवटपर्यंत फिरवतो, आडते, आणि तरीही लांबच्या कडा लाल होत नाहीत. जवळचं स्वच्छ, लांबचं गचाळ. मी विचार केला, काच हलली असणार. नेली बाईंकडे.

त्यांनी लेन्स काढली, आत पाहिलं, बाहेर पाहिलं, भिंग लावून पाहिलं. "बघू," म्हणाल्या, "ठेवून जा." चार दिवसांनी गेलो. तसंच. पुन्हा दाखवली. "बघू." त्यांच्याकडे त्याच आट्यांची एक लांब पल्ल्याची लेन्स होती, ती वापरायला दिली. "तोपर्यंत हिच्यावर हात बसवा." ती घेऊन मी बाजारात गेलो, भाजीवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांचे फोटो काढले, घरी येऊन पाहतो तर सगळा बाजार थरथरतोय! पोलीससुद्धा!

परत जिना. बाईंनी कॅमेरा पाहिला आणि कपाळावर हात मारला. त्याचं असं आहे, ह्या कॅमेऱ्यात आपला हात हलला तरी फोटो हलू नये अशी सोय आहे. पण कंपनीची लेन्स असेल तरच त्याला कळतं की समोर कोण बसलंय. आपल्या जुन्या लेन्सचा आकडा, म्हणजे ती किती मिलिमीटरची ते, आपण भरून द्यायचा. मी लेन्स बदलली आणि आकडा आधीच्या लेन्सचा तसाच ठेवला. "पंपवाले," त्या म्हणाल्या, "दोन हॉर्सपॉवरच्या मोटारीला अर्ध्या हॉर्सपॉवरचं स्टार्टर लावाल का?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, "तुम्हाला मोटारीतलं कधीपासून कळायला लागलं?"

"तुम्ही येता तेव्हापासून. दुसरं बोलता काय तुम्ही?"

अक्का, खरं सांगतो, मी चांगला तासभर हसत होतो. घरी येतानाही रस्त्यात हसू यायचं आणि लोक वळून बघायचे.

लेन्स दुरुस्त व्हायची म्हणून मी दर दोन-चार दिवसांनी जातो. जाऊन बसावं लागतं, कारण त्यांच्या हातात नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं. एक गोष्ट माझ्या कानाने पकडली आहे. दुकानात रेडिओ चालू असतो. मी जिन्याच्या मधल्या वळणावर आलो की तो बारीक होतो. इतर गिऱ्हाइकांसाठी होत नाही. मी एकदा खालीच उभा राहून खात्री केली. माझ्या पुढे दोघं वर गेले, गाणं तसंच खणखणीत. मग मी पाय टाकला, तिसऱ्या-चौथ्या पायरीला गाणं खाली आलं. पावलांवरून ओळखतात म्हणजे. मी म्हटलं, कान असलेलं माणूस आहे.

त्यांचाही एक फोटो काढला, दुकानातच, ह्याच बिघडलेल्या लेन्सने. सोबत आहे. लेन्सच्या आतलं भोक पूर्ण उघडलं की फार थोडी जागा स्पष्ट येते, सुताएवढी. इथे भिंगामागचा डोळा आणि बोटात धरलेला स्क्रू, एवढंच आलंय. मागच्या बरण्या, दिवा, खिडकी, सगळं गोल गोल उजेड होऊन गेलंय. मी त्यांना दाखवला तर बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "स्क्रू चांगला आलाय."

तुझ्या पत्रात तू हिच्याविषयी, माझ्या बायकोविषयी, काही लिहिलं नाहीस, अक्का. मीही हिचा विषय काढला नाही. ही गेल्यापासून आपलं असंच चाललंय. तू हिचं नाव घेत नाहीस, मला वाईट वाटेल म्हणून. मी घेत नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. तू मला हिला बघायला नेलंस तेव्हा तुमची ओळख अर्ध्या तासाची होती, आणि परत येताना तुम्ही दोघी पुढे गप्पा मारत आणि मी मागे पिशव्या घेऊन. तेव्हापासून ती माझी बायको नंतर आणि तुझी मैत्रीण आधी. हे सगळं आत्ताच का लिहितोय, कुणास ठाऊक. लेन्सचं लिहायला बसलो होतो.

तर लेन्स बिघडलेली आहे, आणि बाकी सगळं ठीक आहे.

तुझा,
काहीही नसलेला भाऊ

&nbsp;

२१ डिसेंबर

अक्का, अक्का, अक्का!

नमस्कार-चमत्कार शेवटी करतो. आधी ऐक.

आज सकाळी सूनबाईने ऑफिसच्या कसल्याशा फोटोसाठी कॅमेरा मागितला. तिला नवी, हुशार लेन्स हवी होती, म्हणून तिने माझी जुनी फिरवून काढली. तशी फरशीवर एक काळी चकती पडली. "बाबा, हे काय गळलं ह्यातून?"

माझं पॅकिंग.

तिचं काम झाल्यावर मी जुनी लेन्स परत लावली. पॅकिंग टेबलावरच राहिलं, लक्षात आलं नाही. सहज गॅलरीत गेलो, कॅमेरा डोळ्याला लावला, चकती फिरवली आणि पाण्याच्या टाकीच्या कडा लाल झाल्या! टाकीवरची शिडी लाल! शिडीवर बसलेला कावळा लाल! मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की चिरंजीव दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन धावत आला.

समजलं ना काय झालं ते? पंपवाल्याची खोड! लेन्स आणि कॅमेऱ्यामधलं अंतर अगदी केसाच्या जाडीपर्यंत ठरलेलं असतं. मी मध्ये पॅकिंग घालून लेन्स तेवढी पुढे ढकलली. पुढे सरकली म्हणजे जवळचं दिसतं आणि लांबचं कधीच नाही. प्रकाश काही पाणी नव्हे, की फटीतून ठिबकेल! दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं असलं काही. मला सुचलं, कारण मला दोन धातू बोडके भेटलेले बघवत नाहीत.

धावत गेलो. अक्षरशः. जिना दोन-दोन पायऱ्यांनी. रेडिओ कधी बारीक झाला तेही कळलं नाही. दारात उभा राहिलो, दम लागलेला, तोंड उघडलं.

बाईंनी मान वर केली नाही. स्क्रू पिळता पिळता म्हणाल्या, "काढलंत वाटतं पॅकिंग."

अक्का, मी अजून एक शब्द बोललो नव्हतो.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा तक्रार घेऊन आलात त्या दिवसापासून. लेन्स फिरवून काढली की समोरच होतं. छान कापलं होतं, गोल. हात चांगला आहे तुमचा."

"मग दर वेळी लेन्स ठेवून घेऊन तुम्ही करत काय होतात?"

"पॅकिंग काढायचे, पुसायचे आणि परत बसवायचे."

मी खुर्चीवर बसलो. आठवून पाहिलं. ह्या बाई एकदाही 'दुरुस्त झाली' म्हणाल्या नव्हत्या. 'काच हलली' म्हणाल्या नव्हत्या. दुरुस्तीचं काही मागितलंही नव्हतं. फक्त 'बघू' म्हणायच्या. आणि मी, जो जिन्यावरून बेअरिंगचा आवाज ओळखतो, मला त्या 'बघू'तलं काही ऐकू आलं नव्हतं!

मी विचारलं, "पण सांगितलं का नाही?"

तेव्हा स्क्रूड्रायव्हर थांबला. भिंग कपाळावर गेलं. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर लेन्स त्याच दिवशी बरी झाली असती. मग तुम्ही जिना कशाला चढला असतात?"

खाली सायकलवाला कसलंसं चाक ठोकत होता. मी तेच ऐकत बसलो, दुसरीकडे कुठे बघावं कळेना म्हणून. मग त्याचं ठोकणं थांबलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी उद्याही येईन. लेन्स बरी आहे तरी."

"उद्या दुकान बंद असतं."

"मग तुम्ही या."

"कुठे?"

"घरी."

"पाहुणी म्हणून?"

आणि मी म्हटलं, "नाही."

आता तुला कळलं. तसं तुला पहिल्या पत्रातच कळलं होतं, मला आज कळलं. मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. कोर्टात, साधं, चार माणसांत. हेच पहिल्या पत्रात विचारायचं होतं का? नाही. तेव्हा मला एवढंच विचारायचं होतं की, अक्का, कुणाशी बोलायला पुन्हा आवडायला लागलं तर ते बरं दिसतं का? पण ते कागदावर नीट मांडता येईना, म्हणून आट्यांवर पान भरलं.

घरात सांगितलं. चिरंजीव म्हणाला, "लोक विचारतील, काय सांगू?" सूनबाई म्हणाली, "सांग, बाबा छंदात बिझी आहेत." मग मला म्हणाली, "मला तर कधीच कळलं होतं. लेन्स दुरुस्तीला न्यायची म्हणून कुणी शर्टाला इस्त्री करतं का?" तो हसला. त्याचं हसणं मी नीट ऐकलं. खरं होतं.

बाईंनी मात्र 'हो' म्हटलेलं नाही. त्या म्हणाल्या, "इतके दिवस तुमच्या तोंडून ऐकतेय, अक्काने हे केलं, अक्काने ते केलं. आई गेल्यावर अक्काने वाढवलं, अक्काने पंपाच्या दुकानात चिकटवलं, अक्काने बायको शोधली. मग हे त्यांना न विचारता कसं चालेल? ज्या घरात कुणी माझ्याकडे पाठ करून बसणार, त्या घरात मी नाही यायची. माझं दुकान मला पुरतं."

म्हणजे आता सगळं तुझ्यावर आहे. तुझ्यावर ओझं टाकायला लिहीत नाही. हिची जागा कुणाला देतोय असं तुला वाटेल, ह्याचीच मला धास्ती आहे. मी तसं करत नाहीये, एवढंच मला सांगता येतं. आणखी काही लिहिलं तर ते लबाडीचं वाटेल.

जुन्या लेन्सवरून काही दाखला देऊ नकोस हं. चिरंजिवांनी एक देऊन पाहिला, मी त्याला खोलीबाहेर काढलं. लेन्स ती लेन्स, आणि माणूस ते माणूस.

नमस्कार. दाजींना पण. ब्लडप्रेशरचं औषध घेऊन मग पुन्हा एकदा वाच.

तुझ्या 'हो'शिवाय पाऊल न टाकणारा,
तुझा भाऊ

&nbsp;

९ जानेवारी

अक्का,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मी फोन केला तर तू हवापाण्याचं बोललीस आणि "बरं" म्हणालीस. स्पीकरवर होतीस, पण तिकडे चार जणांचे श्वास नव्हते, एकटीचाच होता. मला धड जेवण जाईना. बाईंना काही विचारावं तर त्या म्हणायच्या, "बघू." आता त्या शब्दाची मला भीतीच वाटते!

आज दुपारी मी त्यांची लांब पल्ल्याची लेन्स परत करायला निघालो. खरं म्हणजे तेवढंच निमित्त उरलं होतं. जिन्याला लागलो. मधल्या वळणावर आलो तरी गाणं बारीक झालं नाही, कारण गाणंच नव्हतं. रेडिओ साफ बंद. मी थबकलो. बाई दुकानात असताना रेडिओ बंद, हे मी कधी ऐकलेलं नाही.

आणि मग तुझा आवाज.

तू! ठार बहिऱ्यालाही कळेल असा तुझा आवाज! तू कुणाला न सांगता गाडीत बसून इतक्या लांब आलीस, पत्ता शोधलास, आणि घरी न येता आधी तिथे गेलीस!

मला वाटलं, आता झगडा. रेलिंग धरून उभा राहिलो. तू म्हणत होतीस, "सकाळी चहा होईपर्यंत त्याला काही विचारायचं नाही. विचारलं की 'हो' म्हणतो आणि नंतर कशाला 'हो' म्हटलं ते आठवत नाही."

बाई म्हणाल्या, "आणि रागावले तर?"

"रागावत नाही. पाना घेऊन घरातला एखादा चांगला नळ उघडून बसतो. बसू द्यायचं."

"मग तो नळ?"

"गळायला लागतो. दुसऱ्या दिवशी तोच दुरुस्त करतो आणि खूश होतो."

दोघी हसलात. अगं, मी मेलो हसू दाबता दाबता! गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ मी का उघडला होता, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग बाईंनी विचारलं, "घोरतात का हो?"

तू म्हणालीस, "ते मला कसं ठाऊक? ते त्याची बायको सांगायची." आणि थांबलीस.

मी पण थांबलो, अक्का. श्वाससुद्धा. त्या शांततेत आता कोण बोलणार, ह्यावर माझं सगळं अडलं होतं. तू उठून निघून जाशील असं वाटलं. खुर्ची वाजली. पण ती बाईंची होती. त्यांनी खुर्ची तुझ्याजवळ ओढली. आणि म्हणाल्या, "काय सांगायच्या त्या?"

आणि तू सांगायला लागलीस. तिचं नाव घेऊन. ती घोरण्याची नक्कल कशी करायची ते सांगितलंस, करूनही दाखवलंस. तुमच्या दोघींच्या त्या पावसात फसलेल्या सहलीचं सांगितलंस. शेवटच्या आजारपणात ती तुला काय म्हणाली होती, तेही सांगितलंस, जे तू मला कधी सांगितलं नव्हतंस: "हे एकटे राहिले तर गप्प होतील, त्यांना गप्प होऊ देऊ नकोस." मध्ये तू नाक शिंकरलंस. बाई मध्ये काही बोलल्या नाहीत, सारवासारव केली नाही, फक्त "मग?" म्हणायच्या. "मग?" आणि तू पुढे सांगायचीस. इतक्या वर्षांत तू तिच्याविषयी कुणाशी इतकं बोललेलं मी ऐकलं नाही. माझ्याशी तर नाहीच.

मी दोन पायऱ्या खाली उतरलो. मग आणखी दोन. तुमच्यात यायला तोंड नव्हतं असं नाही. तोंड तर कानापर्यंत हसत होतं आणि मी डोळे पुसत होतो. पण ते बोलणं तुमचं होतं. लेन्स सायकलवाल्याकडे ठेवली आणि घरी आलो.

आता तू संध्याकाळी दारात उभी राहशील, पिशवी हातात, आणि म्हणशील, "आत्ताच उतरले गाडीतून." मी म्हणेन, "हो का? कळवायचं नाही का, घ्यायला आलो असतो." तू चेहरा गंभीर करून एक-दोन दिवस मला लटकवून ठेवणार, हेही मला माहीत आहे. ठेव. तुझा हक्क आहे. मीही घाबरल्यासारखं करेन, जमेल तेवढं. सूनबाईला आधीच सांगून ठेवलंय, ती फिसकन हसली तर तिच्याकडे बघू नकोस.

हे पत्र तू परत निघशील तेव्हा तुझ्या पिशवीत वरच ठेवणार आहे. गाडीत वाच, मोठ्याने नको, शेजारचे ऐकतील. तोपर्यंत तू मला तुझं उत्तर सांगितलेलं असेल, आणि मी ते पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवलेलं असेल.

तुझा,
तुझं उत्तर जिन्यात उभं राहून आधीच ऐकलेला,
धाकटा भाऊ